भट्टीत घातलेला पाळणा

आमच्या बेकरीच्या काउंटरवर पाव, टोस्ट आणि बिस्किटांखेरीज आणखी एक गोष्ट मागितली जायची. गिऱ्हाईक आधी पाव घ्यायचं. पिशवी भरून झाली तरी रेंगाळायचं, उगाच बरण्यांकडे बघायचं, आणि मग आवाज खाली आणून विचारायचं, ‘‘पाळणा मोकळा आहे का?’’ की मी समजायचो, ह्यांच्या घरी गोड बातमी आहे. गल्लीतल्या कितीतरी बातम्या आजी-आजोबांच्या आधी मला कळल्या आहेत, आणि त्यातली एकही मी फोडलेली नाही. बायकोला सांगितल्या, पण बायकोला सांगणं म्हणजे फोडणं नव्हे, असं माझं मत आहे. तिनं पुढे काय केलं याला मी जबाबदार नाही.

पाळणा माझ्या थोरल्या बहिणीचा. ताई आणि आमचे मेहुणे एकाच फर्निचरच्या कारखान्यात होते. ते सुतारकामात, ही पॉलिशच्या खात्यात. लेक होणार म्हटल्यावर मेहुण्यांनी कारखान्यात उरलेल्या फळ्या आणून हा पाळणा केला. त्यात एक खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खुंट्या ठोकून काढल्या की पाळण्याचे तुकडे होतात आणि हातगाडीवर मावतात. ताईनं त्याला असं पॉलिश केलं की वाकून बघितलं तर स्वतःचं नाक दिसावं. फक्त खालची बाजू कोरी ठेवली. मेहुणे म्हणाले होते, लाकडाला श्वास घ्यायला जागा ठेव. मेहुण्यांचा शब्द म्हणजे ताईच्या लेखी दगडावरची रेघ. मी काही सांगितलं की मात्र ‘गप रे तू’.

लेकीच्या मागून माझा मुलगा त्यात झोपला. मग ताईची लेक मोठी झाली, शिकली, लांबच्या शहरात नोकरीला गेली. एक दिवस मेहुणे कारखान्यातून आले, पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत गेले. घरात ताई आणि पाळणा दोघंच उरले. कारखानाही सुटला. ताई खिडकीशी बसून राहायची. काय बघतेस विचारलं की म्हणायची, ‘‘काही नाही रे, रस्ता.’’ मला भयंकर राग यायचा. कुणावर ते सांगता यायचं नाही, म्हणून मी पावांवर काढायचो.

तेवढ्यात आमच्या पोस्टमास्तरांकडे नात झाली. मास्तरांनी पाळणा मागितला, आणि तो बसवून द्यायला ताई गेली ती संध्याकाळपर्यंत परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिथून ही गोष्ट सुरू झाली. पाळणा ज्या घरी जाई त्या घरी ताई जाई. आधी ठाकठोक करून खुंट्या बसवायची, मग माझ्याकडून नेलेली मैद्याची पिशवी आत ठेवून जोरजोरात झोके द्यायची. पिशवी टिकली की मगच बाळ. त्यानंतर ती तिथेच, बाळ चांगलं मान धरेपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल, बाळंतिणीच्या घरात बायकांना काय तोटा? नसतोच. प्रत्येक बाई काही ना काही सांगत असते. हे खा, ते खाऊ नको, असं धर, तसं धरू नको, आमच्या वेळी असं नव्हतं. आमची ताई काहीही सांगत नाही. बाळंतिणीला एक अक्षर सल्ला न देणारी सगळ्या गल्लीत ती एकटी. बाळ उचलते, म्हणते, ‘‘तू झोप गं,’’ आणि बाळ घेऊन दुसऱ्या खोलीत जाते. आवाज म्हणाल तर गंजलेल्या दारासारखा, पण तिच्या गुणगुणण्यानं पोरं झोपतात. कशी ते मला विचारू नका. मी लहान असताना मीही झोपायचो म्हणे.

गल्लीनं तिचं नाव पाळणाताई ठेवलं. खिडकीशी बसणं बंद झालं. भेटली की घाईतच असायची, ‘‘सोड रे, वायरमनकडची रडत असेल.’’ ती घाई बघून माझा जीव भांड्यात पडायचा.

मग आमच्याच सूनबाईंना दिवस गेले. माझा मुलगा ज्या पाळण्यात झोपला त्यात त्याचं मूल झोपणार! ताईनं पाळणा कितीतरी आधीच पुसायला काढला. रोज येऊन सूनबाईच्या पोटाकडे बघून जायची, सल्ला अर्थातच नाही. आणि एकाएकी ती यायचीच बंद झाली. पावसुद्धा शेजारणीकरवी मागवायला लागली. मला वाटलं, माझंच काहीतरी लागलं असणार. भट्टीशी उभं राहून माझी जीभ तापट झालीये, हे घरात सगळे सांगतात. मी म्हटलं, येईल चार दिवसांनी.

आली. बेकरीची सुट्टी होती, दुपारची वेळ. दारात हातगाडी उभी राहिली. तिच्यावर दोरीनं बांधलेले पाळण्याचे तुकडे, आणि शेजारी ताई, घामाघूम.

‘‘भट्टीत घाल,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘पाळणा. सरपण म्हणून घाल. घरी चुलीत घालणार होते, हात होईना.’’

मी तिला आत ओढून खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. तिनं पदराच्या गाठीतून एक कागदाची पुडी काढून उघडली. आत पिवळसर पीठ होतं, चाळलेल्या मैद्याहून बारीक.

‘‘ह्याला कीड लागलीये,’’ ती म्हणाली. ‘‘मागच्या बाजूला दोन भोकं दिसली. टाचणीनं टोचल्यासारखी. मी सरस आणि भुसा कालवून बुजवली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन. मग खाली काळं कापड पसरून ठेवलं, आणि सकाळी बघते तर हे. लाकडाचं पीठ. आतून खातोय रे तो.’’

‘‘मग औषध सोडू. सुई घेऊन एकेका भोकात...’’

‘‘आणि बाळ काठ चोखेल तेव्हा? दात येताना तर पोरं कुरतडतात. त्या लाकडात विष घालू मी?’’

माझं तोंड बंद झालं. माझ्या मुलाचं उघडलं. मुलगा गुणी आहे, पण कुठं काय बोलावं हे त्यानं माझ्याकडूनच उचललंय. तो म्हणाला, ‘‘आत्या, एवढं काय मनाला लावून घेतेस? आपण नवीन आणू. हल्ली बटणाचे मिळतात. बटण दाबलं की आपोआप हलतो, गाणंसुद्धा म्हणतो.’’

‘‘आण की,’’ ताई हसत म्हणाली. ‘‘माझ्यापेक्षा बरंच गाईल. मग मला बोलवायलाही नको.’’

हसताना तिची हनुवटी थरथरली. ही बाई पाळणा जाळायला आणतेय, पण सोबत काय काय जळणार हे तिला पुरतं ठाऊक होतं. पाळणा नाही म्हणजे बोलावणं नाही. पुन्हा ती खिडकी आणि तो रस्ता.

‘‘आणि इतकी घरं फिरला हा,’’ ती पुढे म्हणाली. ‘‘माझ्याच घरातनं लागली असणार कीड. मी घराघरांत बाळाशेजारी किडा नेऊन ठेवत होते. कुणाला कळलं तर कुठल्या तोंडानं जाऊ मी?’’

‘‘गप बस!’’ मी ओरडलो. दुसरं काही सुचलं नाही की मी ओरडतो.

आमचा आरडाओरडा ऐकून सूनबाई जिन्याचा कठडा धरून खाली आली. आमची सून धान्याच्या गोदामात कीड तपासायला आहे. तिच्या नोकरीची आम्ही घरात फार थट्टा करतो, जेवताना ताटात काही काळं दिसलं की साहेबांना बोलवा म्हणतो. तिनं एक फळी उचलून उलटी केली. मेहुण्यांनी श्वासासाठी कोरी ठेवलेली बाजू वर आली.

‘‘इथून शिरलाय,’’ ती म्हणाली. ‘‘पॉलिशवर तो अंडी घालत नाही आत्या, कोऱ्या लाकडात घालतो. अळी वर्षानुवर्षं आत खात बसते. मोठी झाली की भुंगा होऊन भोक पाडते आणि उडून जाते. भोक दिसतं तेव्हा तो पळालेला असतो. आपण बुजवतो ते त्याचं रिकामं घर.’’

‘‘कोरी ठेवा असं त्यांनीच सांगितलं होतं गं,’’ ताई पुटपुटली.

‘‘मायेनं सांगितलं असेल,’’ सूनबाई म्हणाली. ‘‘पण जाळायचा कशाला? आतल्या अळीला औषधच लागतं असं नाही. नुसत्या उष्णतेनं मरते. साठ अंशांच्या वर, सत्तरच्या आत, लाकूड आतपर्यंत तापेस्तोवर ठेवायचं. बाबा, सुट्टीच्या दिवशी तुमची भट्टी किती असते?’’

आयुष्यभर भट्टीशी उभा आहे मी, पण तिची किती डिग्री हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी भट्टीत हात घालतो आणि मनात म्हणतो, हं, टोस्ट. किंवा म्हणतो, नाही, अजून पाव. सूनबाईनं गोदामातला तापमान मोजायचा काटा मागवला. कालच्या भाजणीची ऊब होती, तरी काटा अंमळ खालीच थांबला. मी थोडे निखारे घालून भट्टी वर आणली, मग निखारे ओढून काढले, राख झाडली. लाकूड तडकू नये म्हणून पाण्याची परात आत ठेवली. मग पाव सरकवायच्या लांब दांड्याच्या फळीनं पाळण्याचा एकेक तुकडा आत सारला. खुंट्या ट्रेमध्ये, बिस्किटांसारख्या रांगेत.

ताई थांबली नाही. ‘‘मला बघवणार नाही,’’ म्हणाली. ‘‘तडकला तर सांगायलाही येऊ नकोस.’’ आणि रिकामी हातगाडी ढकलत निघून गेली.

मी भट्टीसमोर स्टूल टाकून बसलो. शेकडो पाव जाळले असतील मी, कधी काही वाटलं नाही. त्या दुपारी मात्र मिनिटामिनिटाला झाकण उघडत होतो. शेवटी सूनबाई म्हणाली, ‘‘बाबा, पुन्हा उघडलंत तर तुम्हांलाच आत ठेवीन.’’ वारसा चांगला चाललाय आमच्या घराचा.

संध्याकाळ झाली तसे तुकडे बाहेर काढून पावाच्या ट्रेवर मांडले. एकही तडकला नव्हता. सुस्कारा सोडून मी दिवा जवळ आणला, आणि तसाच बघत राहिलो.

पाळणा रडत होता. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. जागोजाग बारीक बारीक भोकं उघडी पडली होती, आणि भोकाभोकांतून वितळलेले ओघळ आले होते. एक गुलाबी, चार लाल, काही काळे, एक हिरवा, एक निळा, आणि पांढरे तर कितीतरी.

‘‘ताईला बोलवा!’’ मी ओरडलो.

बायको जाऊन तिला हाताला धरूनच घेऊन आली. सोबत गल्लीतल्या दोघीतिघी. बायकोनं वाटेत कुणाकुणाला सांगितलं ते मी विचारलं नाही. ताई ट्रेवर वाकली. मग तिचं बोट लाल ओघळावर थांबलं.

‘‘ही लाख आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पार्सलावरची. पोस्टमास्तर.’’

बोट पुढे सरकलं. ‘‘हे गुलाबी, कवळीवाल्यांकडचं. साचे घ्यायचं मेण. काळं म्हणजे बूटवाला, तो दोऱ्याला लावतो ते. हिरवं-निळं... शाळेतल्या बाईंच्या घरी दोघं होती ना, रंगाचे खडू.’’ पांढऱ्यापाशी ती अडली.

‘‘मेणबत्ती,’’ मागून वायरमनची बायको खालच्या आवाजात म्हणाली. गल्लीभर वीज देणारा वायरमन, आणि त्याच्या घरात मेणबत्त्यांचा एवढा साठा!

एका फळीवर मात्र काही वितळलं नव्हतं. तीन भोकांत तपकिरी काहीतरी सुकून टणक झालं होतं. मी नखानं काढून वास घेतला. कणीक. सुकलेली. मी बायकोकडे पाहिलं, बायको छताकडे बघत होती.

‘‘ताईंच्या घराला रंग लावत होते तेव्हा पाळणा आपल्या माळ्यावर नव्हता का?’’ ती म्हणाली. ‘‘मला भोकं दिसली. म्हटलं, आपल्या पिठातला किडा ताईंच्या पाळण्यात गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.’’

‘‘म्हणून त्याला कणीक वाढलीस!’’

‘‘तुम्ही गप बसा!’’

कवळीवाल्याची बायको पुढे आली. एरवी फार बोलणारी बाई, पण आता तिला शब्द जुळवावे लागत होते. ‘‘आम्हांलाही तसंच वाटलं, ताई. आमच्याच घरातला किडा म्हणून. ह्यांनी गुपचूप बुजवलं, वर रंग फासला. तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही पाळणा बंद केला असता. मग पुढच्या बाळंतिणीकडे तुम्ही आला नसता. माझ्या लेकीला विचारा, ते दिवस तिनं कशावर काढले. पाळण्यावर नाही काढले.’’

ताईनं कुणाकडेच पाहिलं नाही. ओघळलेलं मेण नखानं उचलून तळहातावर गोळा करत राहिली. लाल, काळं, हिरवं, सगळं एकत्र. ‘‘वेडे आहात सगळे,’’ ती म्हणाली आणि खुर्चीवर बसून ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मीही रडत होतो, पण डोळ्यांत भट्टीचा धूर गेला असं सांगून टाकलं. भट्टी विझलेली होती.

इथेच सगळं गोड झालं असतं, पण ताई ती ताईच. लाकूड सुकल्यामुळे खुंट्या ढिल्या झाल्या. नव्या करून घ्यायच्या, मग पॉलिश, आणि ह्या वेळी खालच्या बाजूलाही. मेहुण्यांच्या फोटोला तिनं बजावलं म्हणे, ‘‘आता रागावू नका. घ्यायचा तेवढा श्वास घेतला पाळण्यानं.’’ सूनबाईला अजून अवकाश होता, त्यामुळे घाई नव्हती.

आमच्या नातीला मात्र घाई होती. ती लवकर आली. हॉस्पिटलातून मायलेकी सुखरूप घरी आल्या, आणि पाळण्याचं अजून दुसऱ्या हाताचं पॉलिश वाळायचं होतं. ताई हॉस्पिटलात उभ्याउभ्या बाळाला बघून गेली होती. घरी मात्र फिरकली नाही. सकाळ गेली, दुपार झाली. बाळ रडत होतं, सूनबाईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि माझी बायको एकामागून एक सल्ले देत होती.

‘‘बाबा,’’ सूनबाई म्हणाली, ‘‘आत्यांना आणा ना.’’

मी एप्रनसकट ताईच्या घरी गेलो. ताई ब्रश घेऊन पाळण्याच्या फळीवर वाकली होती.

‘‘दोन दिवस लागतील रे,’’ ती म्हणाली. ‘‘झाला की लगेच घेऊन येते. रिकाम्या हातांनी कशी येऊ?’’

तेव्हा माझी जीभ सुटली. एवढं रडून, सगळ्या गल्लीनं सांगून, हिच्या डोक्यात उजेड नाही! मी म्हटलं, ‘‘ताई, मी लहान होतो तेव्हा कुठला पाळणा होता आपल्याकडे? आईच्या जुन्या साडीची झोळी होती. तूच झोका द्यायचीस. ती झोळी मला आठवत नाही, तुझा आवाज आठवतो. भसाडा. ठेव तो ब्रश आणि चल!’’

तिनं ब्रश ठेवला. पॉलिशचे हातही धड पुसले नाहीत.

घरी येऊन तिनं नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही. बाळ उचललं, म्हणाली, ‘‘तू झोप गं.’’ सूनबाईनं उशीला मान टेकली ती तिथेच झोपली. ताईनं माझी पाव ठेवायची वेताची टोपली रिकामी केली, तळाशी मऊ चादरींच्या घड्या घातल्या, वर बाळ ठेवलं आणि जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यानं टोपली हलवायला लागली. गंजलेलं दार करकरायला लागलं. माझी नात पावाच्या टोपलीत गाढ झोपली.

पाळणा नंतर आला. भोकं तशीच उघडी ठेवली आहेत. ताई अजूनही अधूनमधून खाली काळं कापड पसरते आणि सकाळी बघते. पीठ पडलेलं नाही. आता माझी नात पाळण्यात मावेनाशी झाली आहे.

परवा वायरमन काउंटरवर आला. त्याच्या धाकट्या लेकीला दिवस गेले असणार, मला आधीच वास आला होता. पाव घेतले, पिशवी भरली, तरी रेंगाळला. मी वाट बघत होतो. तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘ताई मोकळ्या आहेत का?’’

ताई आत माझ्या नातीपाशी होती. मी आत वळून हाक मारली, ‘‘ताई, वायरमन विचारतोय.’’

‘‘पाळणा का?’’ आतून आवाज आला. ‘‘सांग, पुसून ठेवलाय.’’

‘‘पाळण्याचं नाही विचारत तो. तुझं विचारतोय.’’

मग ताई पदराला हात पुसत बाहेर आली, वायरमनकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘कितवा महिना?’’